शिवणीतली माया

मामी गेली त्याला आता सव्वा वर्ष होत आले. तेराव्यानंतर दोन दिवसांनी वालचंदनगरच्या घरात आम्ही बायका तिच्या लोखंडी ट्रंकेभोवती बसलो. मराठी घरांना हा प्रसंग नवा नाही. गेलेल्या बाईच्या साड्या बाहेर निघतात, प्रत्येक साडीबरोबर एखादे लग्न, एखादे बारसे, एखादी भाऊबीज निघते, आणि मग एकेक घडी एकेकीच्या मांडीवर जाऊन विसावते. कोणती कुणाला द्यायची यावरून थोडे रुसवेफुगवे होतात. पण ती अंगाला बसेल की नाही, असा प्रश्न कधी निघत नाही. साडीला माप नसते. सासूची सुनेला येते, सुनेची नातीला येते, आणि अखेर विरली की तिचे जुनेर होऊन ती गोधडीत शिरते.

ट्रंकेच्या तळाशी धुवट मलमलीत गुंडाळलेल्या दोन वस्तू निघाल्या. एक आजीची, म्हणजे मामीच्या सासूची, सोवळ्याची धाबळी. दुसरी वस्तू पाहून सगळ्याजणी गप्प झाल्या. तो एक लोकरी पोशाख होता : बिनबाह्यांचा, गुडघ्यापर्यंत येणारा झगा आणि त्यावर घालायचे त्याच कापडाचे जाकीट. रंग गर्द शेवाळी. डांबराच्या गोळ्यांचा वास खोलीभर पसरला. वहिनी म्हणाली, "आता हे कुणाला द्यायचं?" उत्तर कुणाकडेच नव्हते. माझी भाची, मामीची नात, पुण्यात वेषभूषेचे शिक्षण घेते. तिने मानेशी शिवलेली छोटी पट्टी उजेडात धरून वाचली आणि ती जवळजवळ ओरडलीच, "आत्या, हे विंटेज आहे! हार्डी एमीस!"

मी काही बोलले नाही. त्या पोशाखाचा आणि माझा एक जुना हिशेब होता, आणि तो त्या खोलीत माझ्याखेरीज कुणालाही ठाऊक नव्हता.

हार्डी एमीस हे नाव मला भाचीनेच समजावून सांगितले; पुढे मी थोडे वाचलेही. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, या माणसाने लंडनच्या सॅव्हिल रो या रस्त्यावर स्वतःची पेढी उघडली. तो रस्ता पुरुषांच्या सुटांसाठी प्रसिद्ध. तेथे बसून त्याने बायकांसाठी लोकरी सूट, झगे आणि जाकिटे बेतली. पुरुषांच्या कोटाची बांधेसूद शिस्त त्याने बायकांच्या पोशाखात आणली, असे त्याच्याविषयी म्हणतात. १९५० मध्ये त्याने तयार कपड्यांचे दालन सुरू केले. १९५५ मध्ये इंग्लंडच्या राणीची शिवणदार पेढी म्हणून त्याला राजमान्यता मिळाली. १९६८ साली आलेल्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटातले पोशाखही त्याचेच. ज्या हातांनी राणीचे कपडे बेतले, त्यांच्या पेढीवरचा एक झगा इंदापूर तालुक्यात, नीरेच्या काठावरच्या कंपनीच्या वसाहतीत, साडेपाच दशके ट्रंकेत पडून होता.

तो तेथे कसा आला, याला वालचंदनगरचे वालचंदनगर असणेच कारणीभूत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नीरेचा डावा कालवा आला आणि बारामती-इंदापूरच्या या अवर्षणी पट्ट्यात उसाची शक्यता निर्माण झाली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी (१८८२-१९५३) १९३० च्या दशकात कळंबच्या माळावर ऊसमळे आणि साखर कारखाना उभा केला. १९१९ साली ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनला धाडून इंग्रज बोट कंपन्यांच्या मक्तेदारीला आव्हान देणारा हा माणूस. परदेशाकडे पाहण्याची त्याची रीत बुजरी नव्हती. साखर कारखान्यापाठोपाठ साखरेची यंत्रे बनवणारा कारखाना आला. पुढे तेथे सिमेंट कारखान्यांची यंत्रे झाली, इस्रोच्या अग्निबाणांच्या मोटर केसिंगही झाल्या. त्यामुळे बारामतीहून येणारी एस. टी. जंक्शनला वळून वालचंदनगरात शिरली की, आजूबाजूच्या खेड्यांत कधी कानावर न पडणारे शब्द येथे सहज ऐकू येत. लेथ, टर्बाइन, ग्लासगो.

ग्लासगो हे साखरयंत्रांचे जुने माहेरघर. वेस्ट इंडीज, मॉरिशस, जावा येथल्या कारखान्यांना त्या शहराने पिढ्यान्‌पिढ्या यंत्रे पुरवली. मामा १९६८ साली आरेखनाच्या शिक्षणासाठी वर्षभर तेथे होते. मामी मागाहून गेली आणि आठ महिने राहिली. वय चोवीस. पाचवारी साडी, त्यावर हाताने विणलेला स्वेटर, त्यावर मामांचा जुना ओव्हरकोट, अशी ती भाजी आणायला जात असे. बर्फ वितळून झालेल्या राडीत साडीचा घोळ भिजे आणि घरी येईपर्यंत गारठून काठीसारखा ताठ होई, असे ती हसत सांगे. तिची ही फजिती पाहून घरमालकिणीने स्वतःच्या कपाटातला, कधीतरी सेलमध्ये घेतलेला आणि आता अंगाला न होणारा एक पोशाख तिला दिला. तो तिला असा बसला की एक टाकाही घालावा लागला नाही. नाताळच्या जेवणाला तिने तो पहिल्यांदा घातला. "चालताना पाय मोकळे राहतात गं," एवढेच ती त्याविषयी म्हणे.

मी वर्गात स्त्रियांची आत्मचरित्रे आणि पत्रे शिकवते. मामीचे हे वाक्य मला दरवर्षी एका ठिकाणी हटकून आठवते. १८८३ साली कलकत्त्याहून अमेरिकेला निघालेल्या आनंदीबाई जोशी नऊवारी लुगडे नेसून फिलाडेल्फियाच्या थंडीला सामोऱ्या गेल्या. नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडत. तेथल्या हवेत ते सोसेना आणि तेथल्या नजरांत ते बरेही दिसेना. अखेर त्यांनी गुजराती पद्धतीने नेसायला सुरुवात केली, म्हणजे पायघोळ राहील आणि आतून गरम कपडा घालता येईल. एवढ्याशा बदलाचीही पतीला पत्रातून समजूत द्यावी लागली. शरीरशास्त्र, प्रसूतिशास्त्र, १८८६ मधली पदवी हे सारे एकीकडे आणि नेसणे कसे असावे हा प्रश्न दुसरीकडे. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. विद्यार्थ्यांना वाटते, कपड्यांचा मुद्दा किरकोळ आहे. मी त्यांना सांगते की थंडी किरकोळ नसते, आणि बाईच्या पोटऱ्यांवर कुणाची नजर आहे हा प्रश्नही किरकोळ नसतो. सांगताना माझा आवाज जरा जास्तच चढतो, हे मला माहीत आहे. त्याचे कारण पुढे येईल.

१९६९ मध्ये मामा-मामी परतले. आजीने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मग बॅगा उघडल्या गेल्या. शेवाळी झगा दिसताच आजीने विचारले, "हे कशाचं?" मामी कशीबशी म्हणाली, "लोकरीचं." आजीने बोटांनी कापड चाचपून पाहिले आणि निर्णय दिला, "लोकर ना? मग विटाळ नाही. ठेव धाबळीशेजारी." सोवळ्याच्या जुन्या शास्त्रात सुताला विटाळ लागतो, रेशमाला आणि लोकरीला लागत नाही. म्हणून स्वयंपाकाला आणि देवपूजेला धाबळी. राणीच्या शिवणदाराचा झगा आजीच्या शास्त्रात असा अलगद बसला आणि धाबळीच्या शेजारी ट्रंकेत गेला. आजीच्या या निवाड्यावर आम्ही पुढे अनेक वर्षे हसलो. पण त्यात एक अडचण होती, ती आमच्या लक्षात आली नाही. ठेवायला परवानगी मिळाली होती. घालायचा प्रश्न निघालाच नव्हता.

तसे पाहिले तर लोकर या मुलखाला परकी नाही. बारामती-इंदापूरचा माळ हा मेंढरांचा माळ. धनगरांचे वाडे दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणाकडे उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. दख्खनी मेंढीची लोकर राठ, काळी; ती कातरायची, पिंजायची, सूत काढायचे, खड्ड्यातल्या मागावर पट्टी विणायची आणि चिंचोक्याची खळ देऊन ती कडक करायची. त्यातून होणारी घोंगडी पावसात पाणी धरत नाही, जमिनीवर अंथरली तर ओल वर येऊ देत नाही. कोकराच्या पहिल्या कातरणीची, जावळाची, घोंगडी त्यातल्या त्यात मऊ. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून निघून काटेवाडीला पोचते तेव्हा परीट मंडळी तिच्यासाठी धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मग पालखीभोवती मेंढरांचे रिंगण होते. मामी दरवर्षी ते पाहायला जाई. एकदा मी तिच्याबरोबर होते. मेंढरांचा तो काळा-करडा लोट पालखीभोवती धावताना पाहून ती म्हणाली, "एवढी लोकर इथे चालत फिरते, आणि माझी मात्र पेटीत."

तेव्हा मला त्या वाक्याचा अर्थ लागला नाही. खरे तर लागला होता. म्हणूनच मी दुसरीकडे पाहिले.

आता तो हिशेब सांगायला हवा. १९८८ सालची दिवाळीची सुटी. मी आठ वर्षांची. दुपारची वेळ होती. आजी आणि शेजारच्या दोघीतिघी ओसरीवर वाती वळत बसल्या होत्या. मी पाणी प्यायला आत गेले आणि मधल्या खोलीचे दार किंचित उघडे दिसले. मामी कपाटाच्या आरशापुढे पाठमोरी उभी होती. अंगात तो शेवाळी झगा. पाठीवरची चेन निम्म्यावर येऊन अडकली होती, वर पाठ उघडी होती. तिने पलंगावरचे जाकीट उचलून घातले आणि पाठ झाकली गेली. मग तिने गळ्याशी हात फिरवला, खांदे सरळ केले आणि आरशात पाहत उभी राहिली. मी तिच्या पोटऱ्या कधीच पाहिल्या नव्हत्या. ती मला अगदी अनोळखी वाटली, आणि अतिशय सुंदरही वाटली असावी; पण आठ वर्षांच्या पोरीला अशा वेळी एकच गोष्ट सुचते. मी ओसरीवर धावत गेले आणि टाळ्या पिटत ओरडले, "मामी मड्डम झाली! मामी मड्डम झाली!"

कुणी रागावले नाही. सगळ्या हसल्या, एवढेच. आजीही हसली. एकजण म्हणाली, "बघू तरी आमची मड्डम!" पाच-सात मिनिटांनी मामी साडी नेसून, चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. मला बोलली नाही, माझ्याकडे रागाने पाहिलेही नाही. माझ्या कपातले दूध जरा जास्तच गोड होते, हे मात्र मला आजही आठवते.

त्यानंतर तिने तो पोशाख घातलेला कुणी पाहिला नाही. मला मनोमन ठाऊक होते की तो माझ्यामुळे मिटला. मोठी होत गेले तसे ते हसणे मला अधिकाधिक ऐकू येऊ लागले. बाईने काय घालावे यावर इतरांनी घातलेली बंधने मी वर्गात इतकी वर्षे समजावून सांगते; त्यात माझा स्वतःचा वाटा एका टाळीचा आहे. मामीची क्षमा मागावी असे कितीदा मनात आले. दरवेळी वाटले, तिला ते आठवतही नसेल, उगाच कशाला उकरा. ही सबब फार सोयीची असते.

ट्रंकेपाशी परत येते. भाचीने झगा उलटा केला. आतले रेशमी अस्तर पाहताना ती एकदम थांबली. "आत्या, हे कुणीतरी ऑल्टर केलंय." दोन्ही कुशींची शिवण उसवून पुन्हा घातलेली होती. शिवणीलगत जुन्या टाक्यांची बारीक भोके रांगेने दिसत होती. त्या रांगेपासून नव्या शिवणीपर्यंतचे कापड इतर झग्याहून गडद होते. इतकी वर्षे आत दुमडलेले असल्याने त्याचा रंग विटला नव्हता. मूळ शिवण कापडाच्या रंगाच्या धाग्याची, एकसारखी. ही नवी शिवण साध्या काळ्या सुती दोऱ्याची, हातटाक्यांची, पण अतिशय बारीक. तो दोरा आणि ते टाके मी ओळखले. माझ्या शाळेच्या गणवेशाची उसवलेली बाही दर सुटीत त्याच टाक्यांनी नीट होत असे.

आपल्या शिंप्यांच्या भाषेत शिवणीच्या आत सोडलेल्या जादा कापडाला ‘माया’ म्हणतात. पुढे अंग भरले, मूल वाढले, तर कपडा सैल करता यावा म्हणून माया ठेवायची. चांगले शिवणकाम या आतल्या मायेवरून ओळखतात; स्वस्तातला कपडा मायेला चोरतो. सॅव्हिल रोच्या त्या पेढीने चांगली बोटभर माया ठेवली होती. मामीने ती सारी सोडून घेतली होती. दोन्ही कुशी मिळून चेन लागण्याइतके कापड मोकळे झाले होते.

मी मनातल्या मनात वर्षे मोजली. १९८८ मध्ये चेन निम्म्यावर अडकली होती, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. झगा त्याआधी सैल केला असता, तर ती लागली असती. म्हणजे ही शिवण त्या दुपारनंतरची. ओसरीवरच्या हसण्यानंतर कधीतरी, आठवड्याने म्हणा, दहा वर्षांनी म्हणा, मामीने ट्रंक उघडली, झगा उलटा केला, ब्लेडने एकेक टाका उसवला आणि स्वतःच्या आताच्या अंगाच्या मापाने तो पुन्हा शिवला. शिवणयंत्र घरात असताना तिने तो हाताने शिवला. यंत्राचा आवाज ओसरीपर्यंत जातो. मग तिने तो घातला असेल? दार लावून, एखाद्या रिकाम्या दुपारी? की फक्त घालता येईल असा करून ठेवला? हे सांगणारे आता कुणी नाही.

इतकी वर्षे मी समजत होते की माझ्या एका टाळीने तिची इच्छा संपली. त्या समजात अपराधभाव होता तसा थोडा अहंकारही होता, हे त्या क्षणी कळले. इच्छा संपली नव्हती. तिने दार तेवढे लावून घेतले होते. त्याने माझी सुटका होत नाही. दार लावून घ्यावे लागले ते माझ्यामुळेच.

भाची मात्र वेगळ्याच गोष्टीने हळहळत होती. असा फेरफार केलेल्या पोशाखाची विंटेजच्या बाजारात किंमत उतरते. मूळ टाक्यांच्या रेषेवर शिवण परत नेली तर चांगले पैसे येतील, भोके वाफेने बुजतात, असे ती म्हणाली. विंटेज हा शब्द द्राक्षांच्या तोडणीचा. आधी तो द्राक्षांचा हंगाम, मग चांगल्या सालची दारू, मग जुन्या मोटारी आणि जुने कपडे. जी वस्तू आपल्या सालापासून ढळली नाही, ती मौल्यवान. आपला ‘जुनेर’ हा शब्द नेमका याच्या उलट बाजूने चालतो. त्यात नेसण्याचा, धुण्याचा, विरण्याचा हिशेब आहे. कुणाच्या अंगाला ते किती लागले यावर त्याची ऊब ठरते. मामीचा झगा या दोन शब्दांच्या मध्ये कुठेतरी अडकला होता. विंटेज म्हणावा तर तिने त्यात हात घातला होता. जुनेर म्हणावा तर तो तिच्या वाट्याला पुरता आलाच नव्हता. मात्र त्या साऱ्या पोशाखात तिचे म्हणावे असे काही असेल, तर ती काळ्या दोऱ्याची दोन शिवणी होती. मी भाचीला म्हटले, "ती शिवण तेवढी उसवू नकोस."

वहिनीने सुचवले म्हणून मी तो घालून पाहिला. आज मी मामीच्या त्या वेळच्या वयाची आहे. तो मला खांद्यात होत नाही. भाचीला कमरेत ढगळ होतो. शिवलेला कपडा साडीसारखा कुणाचाही होत नाही.

तेव्हा विकायचा नाही, असे ठरले. आजीची धाबळी आणि मामीचा झगा पुन्हा त्याच मलमलीत गेले. लोकरीला कसर लागते. वर्षातून एकदा ऊन दाखवावे लागते आणि गोळ्या बदलाव्या लागतात. ते काम मी मागून घेतले. गेल्या वर्षी दसऱ्यानंतरच्या रविवारी मी आणि भाची वालचंदनगरला गेलो. गच्चीवर चटई अंथरून धाबळी पसरली, शेजारी झगा उलटा करून ठेवला, शिवणी उन्हाकडे. तेथे बसून मी भाचीला १९८८ सालची ती दुपार सांगितली, टाळ्यांसकट. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "आत्या, तू आठ वर्षांची होतीस." मी म्हटले, "हो. आणि मामी चव्वेचाळीसची."

ऊन कलते झाल्यावर आम्ही दोन्ही वस्तू झटकल्या, घड्या घातल्या आणि खाली नेल्या.